टेंडन आणि बर्साची दुखणी: नेमकं काय दुखावलंय ते पायरीपायरीने कसं शोधायचं

खांदा, कोपर, खुबा, टाच, काहीही दुखायला लागलं की आपल्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी बाम, मग शेजारच्यांनी सांगितलेला मालिशवाला, मग मेडिकलमधून पेनकिलर, आणि तीन महिने असेच गेले की एकदम एमआरआय. मग त्या रिपोर्टात कुठेतरी ‘पार्शियल टेअर’ (म्हणजे अर्धवट फाटलंय) असं लिहिलेलं दिसतं आणि घरातल्यांची झोप उडते. खरं तर दुखणं सुरू कसं झालं, बोट नेमकं कुठे ठेवलं की दुखतं आणि कुठली हालचाल केली की दुखतं, एवढ्या तीन गोष्टी नीट बघितल्या तर बहुतेक वेळा काय झालंय ते मशीनमध्ये जायच्या आधीच कळतं. हे घरी कसं बघायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं ते खाली लिहितोय. घरी बघायचं ते समजून घ्यायला, स्वतःच स्वतःवर उपचार करत बसायला नाही.

आधी थोडक्यात रचना. टेंडन म्हणजे स्नायू जिथे हाडाला जोडला जातो तिथला पांढरा चिवट पट्टा. लिगामेंट वेगळं, ते हाडाला हाड बांधतं. बर्सा म्हणजे अगदी थोडं बुळबुळीत पाणी असलेली चपटी पिशवी, जिथे टेंडन किंवा कातडी हाडावर घासली जाते तिथे ती मध्ये असते, आणि अंगात अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आहेत. आपल्याला त्या असल्याचा पत्ताच नसतो, सुजल्या की कळतं. टेंडनचं बहुतेक जुनं दुखणं म्हणजे सूज नव्हे हे आधी डोक्यात ठेवा. झेपेल त्यापेक्षा जास्त भार महिनोन्‌महिने पडत राहिला की आतले कोलॅजनचे धागे विस्कटतात, टेंडन जाड आणि कमकुवत होतं. म्हणूनच सुजेच्या गोळ्या खाऊन चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशी दुखणी बाजूला काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून आधी. बॅडमिंटन किंवा बॉक्स क्रिकेट खेळताना टाचेच्या वर अचानक ‘फट्’ झालं, मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटून वळून बघितलं तर मागे कुणीच नाही, ही अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारं) तुटल्याची एकदम टिपिकल हकीकत आहे. घोळ असा की टेंडन पूर्ण तुटलं तरी माणूस लंगडत चालू शकतो, पाय थोडाफार खाली दाबूही शकतो, कारण बाकीचे स्नायू शाबूत असतात, आणि मग ‘लचक आहे’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं जातं. चाचणी सोपी आहे. पालथं झोपा, पावलं पलंगाच्या बाहेर लोंबकळू द्या, दुसऱ्याने पोटरी दोन्ही बाजूंनी दाबायची. चांगल्या पायाचं पाऊल दाबल्याबरोबर खाली जातं. दुखऱ्या पायाचं जागचं हललंच नाही तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे.

दुसरं, विळीने किंवा काचेने किंवा मांजाने हात कापला, वरून टाके पडले, पण बोट आता वाकत नाही किंवा सरळ होत नाही. कातडी शिवली म्हणजे आतलं टेंडन शिवलं असं नाही. टाके घालायच्या आधीच प्रत्येक बोटाचं प्रत्येक पेर स्वतंत्र हलवून दाखवा, नाही हललं तर तिथेच बोलून दाखवा. कबड्डीत पकड करताना बोट समोरच्याच्या जर्सीत अडकून ओढलं गेलं आणि आता शेवटचं पेर वाकतच नाही, हेही तसंच, आणि यात ऑपरेशनची वेळ काही दिवसांची असते, महिन्यांची नाही. उलट कॅच घेताना बॉल बोटाच्या टोकावर बसला आणि टोक खाली लोंबतंय, सरळ होत नाही, तर बऱ्याचदा ऑपरेशन लागत नाही, पण स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी) सहा ते आठ आठवडे सलग घालावी लागते. सलग म्हणजे सलग. आंघोळीला काढली आणि टोक एकदा खाली पडलं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

तिसरं, इन्फेक्शन. कोपराच्या टोकावर किंवा गुडघ्याच्या वाटीवर गाठ आली, ती लाल, गरम आहे आणि सोबत ताप, किंवा तिथे आधी खरचटलेलं होतं, तर बर्सामध्ये पू झालेला असू शकतो. काटा टोचल्यावर अख्खं बोट फुगलं, अर्धवट वाकलेलंच राहिलं आणि कुणी सरळ करायला गेलं की जीव जातो, तर हे थेट कॅज्युअल्टीचं काम, सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि डावा खांदा जिना चढताना दुखतो, थांबलं की थांबतो, सोबत घाम किंवा दम, तर खांद्याचे व्यायाम राहू द्या, आधी ईसीजी.

दुसरी पायरी: सुरुवात कशी झाली ते आठवा

टेंडनच्या दुखण्याच्या आधी दोन-चार आठवडे बहुतेक वेळा काहीतरी ‘एकदम’ वाढलेलं असतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पळणं एकदम वाढतं आणि टाचा दुखायला लागतात. वर्षभर ऑफिसच्या खुर्चीत बसलेला माणूस वारीला निघतो आणि रोज वीस-वीस किलोमीटर चालतो. दिवाळीची साफसफाई, माळ्यावरचे डबे, दोन दिवस छत झाडणं, की खांदा गेला. बाळाला सतत काखेत धरून उचलणाऱ्या नव्या आयांचं मनगट. लोक म्हणतात ‘काहीच केलं नाही हो, असंच सुरू झालं’, आणि मग दहा मिनिटं बोलल्यावर कळतं की महिन्यापूर्वी घर शिफ्ट केलंय.

वेळ कुठली ते बघा. टेंडनची खूण म्हणजे सकाळी उठल्यावर किंवा बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावलं दुखतात, मग मोकळं होतं, काम करताना बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसुली होते. त्या मधल्या ‘बरं वाटण्यावर’ विश्वास ठेवून लोक अजून पाच किलोमीटर पळतात. बर्साचं दुखणं दाबाचं असतं, त्या कुशीवर झोपलं, त्या गुडघ्यावर टेकलं, तो बूट घातला की दुखतं. आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त, पहाटे दुखून जाग येते, दोन्ही टाचा, कंबर पण धरते, वय तिशीच्या आतबाहेर, तर हे भाराचं दुखणं नसून संधिवाताच्या कुटुंबातलं असू शकतं, त्याला रुमॅटॉलॉजिस्टच लागतो.

औषधांची यादी काढा, हे फार कमी लोक करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स टेंडन कमकुवत करू शकतात, विशेषतः अकिलीस, आणि साठीच्या पुढे किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका अजून वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००८ मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की याच गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, त्यामुळे ‘अँटिबायोटिक घेतलं होतं का’ हा प्रश्न स्वतःला विचाराच, आणि गोळी चालू असतानाच टाच दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डायबेटिस असेल तर तेही सांगा, खांदा आणि बोटं त्यात जास्त धरतात.

तिसरी पायरी: एक बोट ठेवा

‘इथे सगळीकडे दुखतं’ म्हणून अख्खा तळहात फिरवला तर काही कळत नाही. एकच बोट घ्या आणि सगळ्यात जास्त दुखणारा बिंदू शोधा, मग दुसऱ्या बाजूला तोच बिंदू तेवढ्याच जोराने दाबून बघा, कारण काही जागा सगळ्यांच्याच थोड्या दुखतात. टेंडनचा बिंदू बहुतेक वेळा हाडाला चिकटण्याच्या जागी किंवा जवळ सापडतो. वरवरच्या बर्साला दाबलं की पाण्याने भरलेली मऊ गाठ लागते. आणि कितीही दाबलं तरी बिंदू सापडतच नाही, दुखणं मात्र आहे आणि सोबत मुंग्या येतात, तर दुखणं दुसरीकडून येतंय, बरेचदा मानेतून किंवा कमरेतून.

चौथी पायरी: तीन प्रकारे हलवून बघा

एक, स्वतः हलवा. दोन, अंग पूर्ण सैल सोडा आणि दुसऱ्याला हलवू द्या. तीन, दुसऱ्याने अडवून धरायचं आणि तुम्ही जोर लावायचा, म्हणजे सांधा हलणार नाही पण स्नायू आवळला जाईल. टेंडन दुखावलं असेल तर तिसऱ्या प्रकारात नेमकं त्याच जागी दुखतं, दुसऱ्याने हळू हलवलं तर फारसं नाही, फक्त शेवटच्या ताणाला चमक येते. सांधाच बिघडला असेल तर स्वतः हलवा नाहीतर दुसऱ्याने हलवू द्या, दुखतं आणि अडकतंही. वरवरच्या बर्साला हालचालीचं काही फारसं पडलेलं नसतं, गुडघ्यावर मोठी गाठ असून पाय बऱ्यापैकी वाकतो, फक्त पूर्ण वाकवताना कातडी ताणली जाते तेव्हा दुखतं. पाणी सांध्यात की बर्सात, हा गोंधळ इथेच बराच सुटतो. जोर लावायची चाचणी हळूहळू वाढवत करा, झटका देऊन नाही, आणि पहिल्या पायरीतलं काही असेल तर करूच नका.

पाचवी पायरी: जागेप्रमाणे

खांदा सगळ्यात किचकट आहे म्हणून त्यावर जरा थांबतो. खांद्याभोवती चार छोट्या स्नायूंची टेंडन्स मिळून रोटेटर कफ बनतो आणि त्याच्या वर एक मोठा बर्सा असतो. यांचं दुखणं खांद्याच्या वर नाही तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं, जिथे लहानपणी इंजेक्शन घ्यायचो साधारण तिथे, आणि लोक नेमकं तिथेच बाम चोळत बसतात. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांमध्ये दुखतं आणि त्याच्या पुढे कमी होतं, ही कफ आणि बर्साची खूण. यातला दोष टेंडनचा किती आणि बर्साचा किती हे हाताने तपासून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि सुरुवातीचे उपचार तसेही सारखेच असतात, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका. महत्त्वाचा फरक फ्रोझन शोल्डरशी, म्हणजे सांधाच आखडून खांदा धरण्याशी आहे. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या, मग दुसऱ्याला न्यायला सांगा. दुसऱ्यानेही नेला तरी चांगल्या हातापेक्षा खूप आधी अडकत असेल तर तो फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे साखर तपासलीच पाहिजे. उलट दुसऱ्याने हात आरामात वर नेला पण सोडल्यावर तुम्हाला तो धरताच येत नाही, धपकन खाली येतो, तर टेंडन मोठं फाटलेलं असू शकतं. साठीनंतर पडल्यावर असं झालं तर ‘महिनाभर बघू’ म्हणू नका, फाटलेला स्नायू आत आक्रसत जातो आणि मग जोडणं अवघड होतं. अजून एक प्रकार म्हणजे कॅल्शियम साचण्याचा, एका रात्रीत असह्य ठणका सुरू होतो, हात हलवू देत नाही, आणि साध्या एक्सरेत पांढरा खडा दिसतो. दिसायला भयंकर, पण यातले बरेचसे आपोआप विरघळतात.

कोपर. बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतंय तर टेनिस एल्बो, २००४ मध्ये सचिनमुळे हा शब्द घराघरात गेला आणि २००५ मध्ये त्याचं ऑपरेशनही झालं. पण आपल्याकडे टेनिसपेक्षा पोळ्या लाटणं, कपडे पिळणं, स्क्रूड्रायव्हर आणि दिवसभर माउस हीच कारणं जास्त. चाचणी: भरलेली पिशवी तळहात खाली करून उचला, मग तळहात वर करून उचला. पहिल्यात दुखतं आणि दुसऱ्यात बरं वाटतं तर टेनिस एल्बो, उलट असेल आणि आतल्या उंचवट्यावर दुखत असेल तर गोल्फर्स एल्बो. कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ गाठ म्हणजे बर्सा, टेबलावर कोपर टेकून तासन्‌तास अभ्यास करणाऱ्यांना होते, आणि यूरिक अॅसिडवाल्यांनाही.

मनगटात अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. तिथेच जोराची चमक आली तर दोष अंगठ्याच्या टेंडनचा. हे सगळ्यांनाच थोडं दुखतं, म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना हवीच. बाळाला उचलताना अंगठा फाकवून काखेत घालायच्या ऐवजी तळहात खालून लावला तर निम्मं काम तिथेच होतं. सकाळी बोट अडकतं आणि टक् करून सुटतं ते ट्रिगर फिंगर, दोष बोटात नाही तर तळहातात बोटाच्या मुळाशी असतो.

खुब्याबद्दल एक जुना समज अजून चालू आहे. मांडीच्या बाहेर वरच्या हाडावर दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, जिना चढताना दुखतं, आणि पेशंट बहुतेक वेळा चाळीस ते साठमधल्या बायका. वर्षानुवर्षं याला बर्सायटिस, म्हणजे बर्साची सूज म्हणत आले, पण सोनोग्राफी आणि एमआरआय वाढल्यावर लक्षात आलं की मूळ दोष बहुतांशी नितंबाच्या स्नायूंच्या टेंडनचा असतो, बर्सा असलाच तर सोबतीला सुजतो. दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा, भिंतीला एक बोट टेकवून. त्या हाडावर तेच ओळखीचं दुखणं आलं तर हेच. जांघेत दुखतंय आणि सॉक्स घालायला, पायाची नखं कापायला वाकता येत नाही, तर खुब्याचा सांधा बघा. आणि मांडी आडवी ओढून ताणायचे व्हिडिओ बघून करू नका, त्या ताणाने टेंडन हाडावर अजून दाबलं जातं. एका कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी आणि पायावर पाय टाकून न बसणं, याने जास्त फरक पडतो.

गुडघ्याचं पटकन. वाटीवरच कातडीखाली गाठ म्हणजे बर्सा, फरशी बसवणारे, गुडघ्यावर बसून लादी पुसणारे. वाटीच्या खालच्या टोकाला एका बोटाचा बिंदू आणि उडी मारल्यावर दुखतं ते पटेलर टेंडन, व्हॉलीबॉल आणि कबड्डीवाले. आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली दुखतं ते अजून एक बर्सा-टेंडनचं ठिकाण, झिजलेल्या गुडघ्यांसोबत येतं आणि लोक सगळं खापर झिजेवर फोडतात. गुडघ्यामागची गाठ फुटली तर पोटरी सुजते आणि ते हुबेहूब पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यासारखं दिसतं, म्हणून पोटरी अचानक सुजली तर आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी), मालिश अजिबात नाही.

टाच. हाडाच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरवर जाडसर आणि दुखरं म्हणजे अकिलीसचा मधला भाग. अगदी हाडाला चिकटण्याच्या जागी दुखतं ते वेगळं. टेंडनच्या पुढे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतं ते बर्सा, बुटाची मागची कड आधी तपासा. तळव्याखाली दुखतं ते यातलं काहीच नाही. बाहेरच्या घोट्यावर मऊ गाठ असेल तर मांडी घालून बसण्याच्या दाबाने तिथे नवीन बर्सा तयार झालेला असतो, शिंपी आणि भजनी मंडळीत बघायला मिळतो, आसन जाड करा.

सहावी पायरी: तपासण्या, लागल्या तर

पडल्यानंतर किंवा कॅल्शियमची शंका असेल तर एक्सरे. टेंडन आणि बर्सासाठी सोनोग्राफी मला सगळ्यात आवडते, स्वस्त आहे, हलवताना बघता येतं, दोन्ही बाजूंची तुलना होते, फक्त करणारा रेडिओलॉजिस्ट सांधे बघणारा हवा. एमआरआय ऑपरेशनचा विचार असेल किंवा चित्र जुळत नसेल तेव्हा. साठीच्या पुढे खांदा अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये कफ फाटलेला दिसतो, त्यामुळे रिपोर्टातलं वाक्य आणि तुमचा दुखरा बिंदू जुळत नसेल तर बिंदूवर विश्वास ठेवा. सुजलेल्या बर्सात इन्फेक्शन किंवा गाऊटची (यूरिक अॅसिडच्या दुखण्याची) शंका असेल तर सुईने पाणी काढून कल्चर (जंतू आहेत का) आणि क्रिस्टलसाठी (यूरिक अॅसिडचे खडे आहेत का) पाठवायला हवं. नुसतं रक्तातलं यूरिक अॅसिड पुरेसं नाही, ऐन अटॅकमध्ये ते नॉर्मल येऊ शकतं.

सातवी पायरी: कळलं, आता किती हलवायचं

पूर्ण आराम टेंडनला मानवत नाही, अजून कमकुवत होतं. दुखवणारी गोष्ट बंद न करता कमी करायची आणि हळूहळू भार वाढवायचा. नियम सोपा: व्यायाम करताना दहापैकी तीन-चार दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्या पातळीवर आलेलं हवं. नाही आलं तर काल जास्त झालं. अकिलीसच्या मधल्या भागासाठी स्वीडनमधल्या आल्फ्रेडसनने १९९८ मध्ये मांडलेला कार्यक्रम अजून वापरतात, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळू खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट आणि वाकवून तीन, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे दिवसाला १८०, सगळ्यांना झेपतंच असं नाही, कमीनेही फायदा होतो. हाडाच्या जागी दुखत असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल लोक विचारतात. बर्सा किंवा ट्रिगर फिंगरला त्याचा चांगला उपयोग होतो. टेनिस एल्बोत पहिले सहा आठवडे जादू वाटते आणि वर्षाने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेलेच बरे निघतात, अभ्यासांतून हे वारंवार दिसलंय. अकिलीसच्या आत तर देऊच नये, तुटू शकतं. इन्फेक्शनची शंका असताना तर प्रश्नच नाही.

टेंडनला तीन महिने लागतात, कधी सहा, हे आधीच धरून चला. बर्सा दाब काढला तर काही आठवड्यांत उतरतो. बारा आठवडे नीट केलं आणि काहीच फरक नाही तर व्यायाम बदलत बसण्याआधी तिसऱ्या पायरीवर परत जा, बोट पुन्हा ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना सुरुवात कधी, बिंदू कुठे, कुठल्या हालचालीने, सकाळी किती वेळ आणि कुठली औषधं, एवढं एका कागदावर लिहून न्या.